हायस्कूलमधील जेआरओटीसी : मुलीला नाव नोंदवू द्यावे का?

दीपमाळ (धागाकर्ती)

आमची मुलगी येत्या ऑगस्टमध्ये नववीत, म्हणजे इथल्या अमेरिकन हायस्कूलच्या पहिल्या वर्षात जाईल. शाळेने विषयनिवडीचा तक्ता पाठवला आहे. त्यातील ऐच्छिक विषयांत चित्रकला आणि स्पॅनिश सोडून तिने जेआरओटीसी, म्हणजे ज्युनिअर रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर, या नावापुढे खूण केली आहे. माहितीपत्रकात 'नेतृत्वगुण' आणि 'उत्तम नागरिकत्व' असे शब्द आहेत, पण सोबतच्या छायाचित्रांत गणवेश, पदके आणि कवायतीच्या रायफली दिसतात, आणि शिकवणारे दोघेही सैन्यातून निवृत्त झालेले आहेत.

माझ्या यजमानांच्या मते ही सैन्यभरतीची पहिली पायरी आहे. मुलगी म्हणते की तिला सैन्यात मुळीच जायचे नाही, चारचौघांसमोर उभे राहून न अडखळता बोलता यावे एवढेच तिला हवे आहे. मला मात्र तिसरीच गोष्ट खुपते. आम्ही अजून एच-१ (नोकरीचा) आणि एच-४ (त्याच्या कुटुंबीयांचा) या व्हिसांवर आहोत, ग्रीन कार्डाच्या रांगेत किती वर्षे जातील हे कोणालाच सांगता येत नाही. ज्या देशाची ती नागरिक नाही, त्या देशाचा 'उत्तम नागरिक' होण्याच्या वर्गात तिने काय करायचे? ज्यांच्या मुलांनी हा विषय घेतला आहे, किंवा ज्यांनी स्वतः घेतला होता, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मुशाफिर

यजमानांची शंका चुकीची नाही, पण अपुरी आहे. हा कार्यक्रम १९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने सुरू झाला, तेव्हा युरोपात महायुद्ध चालू होते आणि हेतू उघडपणे लष्करी होता. सुरुवातीची जवळजवळ पन्नास वर्षे तो प्रामुख्याने भूदलापुरता राहिला. १९६४ च्या कायद्याने नौदल, हवाई दल आणि मरीन कोअर यांनाही तुकड्या उघडता आल्या, आणि मुलींना प्रवेश मिळाला तो त्यानंतर, १९७० च्या दशकात. आज जो विस्तार दिसतो त्याचे मूळ १९९२ मध्ये आहे. लॉस एंजेलिसच्या दंगलीनंतर त्या वेळचे संयुक्त सेनाप्रमुख कॉलिन पॉवेल यांनी हा कार्यक्रम शहरांतील शाळांमध्ये वाढवण्याचा आग्रह धरला. ते स्वतः न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात आरओटीसीतूनच, म्हणजे कॉलेजांतील अशाच अधिकारी-प्रशिक्षणातून, घडले होते. आता तीन हजारांहून अधिक शाळांमध्ये मिळून सुमारे ५ लाख मुले हा विषय घेतात.

कायद्यात याचा हेतू नागरिकत्वाची मूल्ये, देशसेवा, व्यक्तिगत जबाबदारी आणि काही साध्य केल्याची जाणीव या शब्दांत मांडला आहे. भूदलाच्या शाखेचे ब्रीद तर तरुणांना अधिक चांगले नागरिक होण्याची प्रेरणा देणे एवढेच आहे. विषय घेतल्याने सैन्यात जाण्याचे कोणतेही बंधन येत नाही. मात्र तीन वर्षे पूर्ण केलेला विद्यार्थी पुढे भरती झालाच, तर त्याला आरंभीच वरची वेतनश्रेणी मिळू शकते. म्हणजे सक्ती नाही, पण दार अर्धे उघडे ठेवलेले आहे, असे म्हणणे न्यायाचे होईल.

तुमच्या व्हिसाच्या प्रश्नाला कायद्यात एक बारीक संदर्भ आहे. शाळेत तुकडी टिकवण्यासाठी आठवीच्या वरचे किमान १०० विद्यार्थी किंवा अशा एकूण विद्यार्थ्यांच्या १० टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे विद्यार्थी लागतात, आणि या मोजणीत फक्त नागरिक व कायमचे रहिवासी धरले जातात. एच-४ वरील मुलगी त्या मोजणीत येणार नाही. तिला वर्गात बसू देतील का, हे प्रशिक्षकांना थेट आणि आधीच विचारावे.

साधा_वाचक

'अर्धे उघडे दार' हा शब्दप्रयोग फार सौम्य वाटला. शाळेत चौदा वर्षांच्या मुलासमोर रोज गणवेशातील माणूस उभा राहतो, तो प्रेमाने बोलतो, पदके देतो, सहलीला नेतो. चार वर्षांनी भरती अधिकारी येतो तेव्हा त्याला नवे काही सांगावेच लागत नाही. यासाठी सक्तीची गरज काय?

या तुकड्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या नाहीत, हेही लक्षात घ्यावे. दक्षिणेकडील राज्यांत आणि कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतील शाळांत त्यांचे प्रमाण अधिक आहे. ज्या शाळेत वादविवाद मंडळ, नाटक आणि रोबोटिक्स असे सगळे असते, तिथे हा एक पर्याय ठरतो, आणि ज्या शाळेत यातले काहीच नसते, तिथे नेतृत्व शिकण्याची ती एकमेव जागा उरते. दुसऱ्या प्रकारच्या शाळेतील मुलाने तो विषय 'निवडला', असे म्हणताना जीभ अडखळायला हवी.

रानवाटा

मी चार वर्षे भूदलाच्या शाखेची कॅडेट होते. आता सैन्याशी माझा काहीही संबंध नाही, मी रुग्णालयाच्या प्रशासनात काम करते. त्यामुळे आतून काय दिसते ते थोडे विस्ताराने लिहिते.

पहिल्या वर्षी तुम्ही कोणीही नसता. बूट, पट्टा, बिल्ल्याची जागा, केस, सगळे तपासले जाते. आठवड्यातून एकदा गणवेश घालून दिवसभर शाळेत वावरावे लागते आणि बाकीची मुले चेष्टा करतात. त्या एका दिवसाने मला जे शिकवले ते कोणत्याही धड्यात नव्हते. वर्गात प्रथमोपचार, नकाशावाचन, राज्यघटना, पैशांचे नियोजन आणि भाषण करणे असे विषय असतात. ते बरे असतात, पण ते इतर वर्गांतही शिकता येतील.

खरा फरक दुसऱ्या वर्षी पडतो, कारण तेव्हा तुमच्या हाताखाली आठ-दहा मुले दिली जातात. कवायत करवून घेणे बाहेरून फार यांत्रिक दिसते. प्रत्यक्षात हुकमाचे दोन भाग असतात, पहिला सावध करणारा आणि दुसरा कृती करायला लावणारा, आणि चालत्या तुकडीला तो दुसरा शब्द ठरलेले पाऊल जमिनीवर पडतानाच द्यावा लागतो. तो अर्धे पाऊल चुकला की दहा मुले दहा दिशांना जातात आणि चूक कोणाची हे सगळ्या मैदानाला कळते. मी पहिल्यांदा तुकडी थेट कुंपणात नेली होती. प्रशिक्षक हसले नाहीत आणि ओरडलेही नाहीत. "आता यांना तिथून बाहेर काढ," एवढेच म्हणाले.

तिसऱ्या वर्षी मी बटालियनची एस-४ झाले. सैन्यातल्याप्रमाणे इथेही कॅडेटांचे कार्यालय असते : एस-१ कडे हजेरी आणि नोंदी, एस-३ कडे सराव आणि कार्यक्रम, एस-५ कडे प्रसिद्धी, आणि एस-४ कडे भांडार. गणवेश विद्यार्थ्याला फुकट मिळतो, पण तो उसना असतो, वर्षाअखेर परत करावा लागतो. दीडशेच्या आसपास मुलांचे कोट, पँटी, टोप्या, बूट यांचा हिशेब सोळा वर्षांच्या मुलीकडे होता. एका मुलाने तीन आठवडे बूट परत केले नाहीत. मी त्याला दोन चिठ्ठ्या पाठवल्या, तिसरी अधिक कडक लिहिली. मग कळले की शाळा सुटल्यावर तो ज्या ठिकाणी काम करत होता तिथे काळे बूट सक्तीचे होते आणि त्याच्याकडे दुसरे नव्हते. नियमाप्रमाणे त्याचे नाव वर पाठवायला हवे होते. मी ते पाठवले नाही, भांडारातल्या जुन्या, यादीतून काढून टाकलेल्या बुटांमधून त्याच्या मापाचा जोड शोधून दिला, आणि मग सार्जंटना सगळे खरे सांगितले. त्यांनी मला दोन गोष्टींबद्दल बोलणी खाऊ घातली : एक, आधी विचारले नाही म्हणून, आणि दुसरी, तीन आठवडे त्या मुलाशी समोरासमोर न बोलता चिठ्ठ्या पाठवत बसले म्हणून. दुसरी बोलणी अजून लक्षात आहे.

आता उणी बाजू. पदांच्या नादात मुले फार लवकर मोठ्या माणसांसारखी वागू लागतात, आणि काही जण छोट्यांना उगाच छळतात. आमच्या वेळी एक कॅडेट कॅप्टन पहिल्या वर्षाच्या मुलांना शिक्षा म्हणून जोर काढायला लावत असे, आणि ते बरेच दिवस मोठ्यांच्या लक्षात आले नव्हते. तेव्हा 'नेतृत्व शिकवतात' हे वाक्य आपोआप खरे होत नाही, ते प्रशिक्षक किती जागे आहेत यावर अवलंबून असते.

दीपमाळ

रानवाटा, मनापासून आभार. तुमचा बुटांचा प्रसंग यजमानांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग "हे नाटक मंडळात घडले नसते का?" असे विचारले. मला उत्तर देता आले नाही.

रानवाटा

घडले असते, असे मलाही वाटते. फरक इतकाच की नाटक मंडळात पंधरा मुलांपैकी दोघांवर जबाबदारी येते, आणि ज्यांच्यावर येते ती मुले बहुधा आधीपासूनच धीट असतात. इथे रचनाच अशी आहे की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी येतेच, अगदी लाजाळू मुलाच्याही.

साधा_वाचक

प्रशिक्षक किती जागे आहेत, हाच खरा मुद्दा आहे, आणि तो दोन ओळींत संपवण्यासारखा नाही. न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ च्या जुलैमध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधवृत्तात, आधीच्या पाच वर्षांत किमान ३३ जेआरओटीसी प्रशिक्षकांवर विद्यार्थिनींशी लैंगिक गैरवर्तनाचे गुन्हे किंवा आरोप झाल्याचे दाखवले होते. प्रशिक्षक सैन्याने प्रमाणित केलेला असतो, पण नोकरी शाळेची असते. देखरेख कोणी करायची याबाबत दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि वर्ग मात्र शाळेच्या टोकाच्या इमारतीत चालतो. पुढे संसदेत यावर चौकशी झाली आणि नियम कडक करण्यात आले, तरी पालकांनी डोळे मिटून राहू नये.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच वृत्तपत्राने आणखी एक गोष्ट उजेडात आणली. डेट्रॉइट, लॉस एंजेलिस, फिलाडेल्फिया अशा शहरांतील काही शाळांमध्ये नववीच्या मुलांची नावे न विचारताच या वर्गात टाकली जात होती. मुलाने स्वतः खूण करणे आणि काउन्सेलरने, म्हणजे शाळेतील विषयनिवडीच्या सल्लागाराने, वेळापत्रकातली मोकळी जागा भरण्यासाठी खूण करणे, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दीपमाळ यांच्या मुलीने ती स्वतः केली आहे, हे मी मान्य करतो.

आणि रायफली. कवायतीच्या रायफलींतून गोळी सुटत नाही हे खरे, परंतु कित्येक शाळांत एअर रायफलची नेमबाजीही असते. २०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलँडच्या शाळेत १७ जणांना मारणारा तरुण पूर्वी त्याच शाळेच्या जेआरओटीसीत आणि तिच्या नेमबाजी संघात होता.

खडू_फळा

पार्कलँडचा उल्लेख निघालाच आहे, तर तो पूर्ण व्हायला हवा. त्या दिवशी मारल्या गेलेल्यांत त्याच तुकडीचे तीन कॅडेट होते. त्यांपैकी पंधरा वर्षांचा पीटर वांग इतरांना बाहेर पडता यावे म्हणून दार धरून उभा राहिला होता, असे त्याच्या सोबत्यांनी सांगितले. तिघांनाही भूदलाने मरणोत्तर शौर्यपदक दिले. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत, आणि कार्यक्रम चांगला की वाईट हे त्यांपैकी कोणतीही एक सिद्ध करत नाही.

मी इथल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवते, आणि शेजारच्याच वर्गात जेआरओटीसी चालते. कॅडेटांची उपस्थिती आणि हायस्कूल पूर्ण करण्याचे प्रमाण इतरांपेक्षा चांगले असते, असे कार्यक्रमाचे पुरस्कर्ते नेहमी सांगतात. माझ्या वर्गातील अनुभवही साधारण तसाच आहे. पण गणिताची शिक्षिका म्हणून एक खडा टाकते. स्वतःहून असा वर्ग निवडणारे मूल आणि न निवडणारे मूल मुळातच वेगळे असू शकते, आणि जे मधेच सोडून जातात ते शेवटच्या आकड्यांत दिसत नाहीत. त्यामुळे वर्गाने मुलांना घडवले की वर्गाला तशी मुले मिळाली, हे नुसत्या टक्केवारीवरून ठरवता येत नाही.

व्यवहाराच्या बाजूने पाहिले तर वेळापत्रकाकडे नीट लक्ष द्यावे. हा विषय चार वर्षे घेतला तर चार ऐच्छिक जागा जातात. विज्ञानातले वरचे विषय, संगीत आणि परकीय भाषा यांपैकी काहीतरी सुटतेच, आणि कित्येक विद्यापीठांना परकीय भाषेची किमान दोन वर्षे हवी असतात. काही राज्यांत जेआरओटीसीचे क्रेडिट शारीरिक शिक्षणाच्या जागी चालते, तसे असेल तर एक जागा वाचते. हे काउन्सेलरकडून लेखी घ्यावे, तोंडी आश्वासनावर जाऊ नये. शिवाय कॉलेजातील आरओटीसी शिष्यवृत्तीसाठी अमेरिकन नागरिकत्व लागते. तेव्हा 'पुढे शिष्यवृत्ती मिळेल' असे कोणी सांगितले, तर तुमच्या मुलीच्या बाबतीत त्याचा सध्या काही उपयोग नाही.

आणखी एक, जे बहुतेक पालकांना ठाऊक नसते. केंद्रीय निधी घेणाऱ्या हायस्कूलांना भरती अधिकाऱ्यांनी मागितल्यास विद्यार्थ्यांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक द्यावे लागतात, आणि मूल जेआरओटीसीत असो वा नसो, हे सर्वांनाच लागू आहे. पालकांनी लेखी नकार दिला तर ती माहिती देता येत नाही. या नकाराचा अर्ज वर्षाच्या सुरुवातीच्या कागदांच्या गठ्ठ्यात कुठेतरी तळाशी असतो.

जुनी_वही

दीपमाळ यांच्याप्रमाणे आपल्यापैकी अनेकांच्या मनात एनसीसीचे चित्र असते, म्हणून दोन शब्द. एनसीसी १९४८ पासूनची, तीही संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली, पण शाळेत ती चालवणारा माणूस बहुधा आपलाच इतिहासाचा किंवा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असे, जो कामठीच्या अकादमीत प्रशिक्षण घेऊन आलेला असे. त्यामुळे कवायतीच्या मैदानावरही तो आधी 'सर' असायचा आणि मग अधिकारी. इथे उलट आहे. सैन्यात वीस-पंचवीस वर्षे काढलेला माणूस शिक्षक म्हणून वर्गात येतो. त्याच्याकडे अनुभवाची शिदोरी मोठी असते, पण चौदा वर्षांचे मूल रडू लागले तर काय करायचे, हे त्याला बरॅकमध्ये कोणी शिकवलेले नसते. काहींना ते उपजतच जमते, काहींना कधीच जमत नाही. म्हणून माहितीपत्रक बाजूला ठेवून त्या माणसाला भेटावे, असे मला वाटते.

माझा स्वतःचा मुलगा एक वर्ष होता, मग त्याने सोडले. सोडताना कोणी अडवले नाही, हेही नोंदवून ठेवतो.

मुशाफिर

नागरिकत्वाच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण त्याला कोणी हात घातला नाही. भूदलाच्या शाखेत कॅडेटांची एक प्रतिज्ञा असते. तीत कुटुंब, देश, शाळा आणि कॅडेटांची तुकडी यांना भूषण ठरेल असे वागण्याचे वचन आहे, आणि आपण अमेरिकेचे भविष्य आहोत, असेही वाक्य आहे. भारतीय पारपत्र असलेल्या मुलीने ते म्हणावे का? ध्वजवंदनेची प्रतिज्ञा म्हणण्याची सक्ती सरकारी शाळेला करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये बार्नेट खटल्यात ठरवून टाकले आहे. कॅडेटांच्या प्रतिज्ञेबद्दल प्रशिक्षक काय भूमिका घेतात, हे भेटीत जरूर विचारावे. उत्तरापेक्षा ते उत्तर कोणत्या सुरात येते, यावरून बरेच कळेल.

मराठीत आपण एकाच 'नागरिकत्व' शब्दाने दोन गोष्टी सांगतो, एक कागदावरची आणि दुसरी वागण्यातली. मतपत्रिका कशी वाचावी, शहराच्या सभेत तीन मिनिटांत आपले म्हणणे कसे मांडावे, वादळानंतर वाटप केंद्रावर रांग कशी लावावी, यांपैकी पहिली गोष्ट सोडली तर कशालाही पारपत्र लागत नाही.

साधा_वाचक

हे मान्य. फक्त एवढेच म्हणतो की वागण्यातले नागरिकत्व शिकवण्यासाठी संरक्षण खात्याने पैसे का द्यावेत, हा प्रश्न तरीही उरतो. प्रशिक्षकांच्या वेतनाचा मोठा वाटा ते खाते उचलते, म्हणूनच शाळांना हा विषय स्वस्त पडतो आणि नागरिकशास्त्राचा जास्तीचा शिक्षक महाग पडतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने २००६ मध्ये समलिंगी सैनिकांविषयीच्या लष्कराच्या तेव्हाच्या धोरणाचा निषेध म्हणून हा कार्यक्रम बंद करायचे ठरवले होते. २००८ मध्ये मतदारांनी तो ठेवण्याच्या बाजूने कौल दिला आणि २००९ मध्ये मंडळाने निर्णय फिरवला. बंद करू नका म्हणून सभांना येणाऱ्यांत कॅडेट स्वतःच मोठ्या संख्येने होते. सभेत उभे राहून बोलायला ते कुठे शिकले होते, ही गंमत माझ्यासारख्या विरोधकालाही नाकारता येत नाही.

दीपमाळ

काल आम्ही तिघेही शाळेत जाऊन आलो. प्रतिसादांतून निघालेले प्रश्न मी वहीत लिहून नेले होते.

आम्हाला भेटलेल्या प्रशिक्षक बाई आहेत, नौदलातून निवृत्त झालेल्या. वर्गाचे दार उघडे होते आणि ते नेहमी उघडेच असते, असे तिथल्या मुलांनी न विचारता सांगितले. मुलीला वर्गात घेता येईल, मात्र तुकडीच्या संख्येत ती धरली जाणार नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. नेमबाजी ऐच्छिक आहे. प्रतिज्ञेचा प्रश्न यजमानांनी विचारला तेव्हा त्या म्हणाल्या की जी ओळ खरी वाटत नाही त्या ओळीला गप्प राहावे, पण उभे मात्र सगळ्यांबरोबर राहावे. यजमानांना हे उत्तर आवडले, पण आवडल्याचे त्यांनी घरी येईपर्यंत सांगितले नाही.

क्रेडिटचे उत्तर मिळाले नाही, काउन्सेलर रजेवर आहेत. स्पॅनिश दहावीपासून घेतले तरी दोन वर्षे पूर्ण होतात, असा हिशेब मुलीनेच मांडून दाखवला. आम्ही एका वर्षासाठी होकार दिला आहे. भरतीच्या माहितीसंबंधीचा नकाराचा अर्जही मागून घेतला. तो देताना कार्यालयातील कारकून बाईंना दोन कपाटे शोधावी लागली.

रानवाटा, एक शेवटचे विचारते. गणवेशाच्या दिवशी तिचे लांब केस अंबाड्यात घट्ट बांधावे लागतील, असे सांगितले आहे. सकाळी सात वाजताच्या बससाठी हे तिला एकटीला जमेल का?

रानवाटा

पहिले दोन आठवडे जमणार नाही, आणि तुम्ही करून देऊ नका. जाळी, पिना आणि थोडे जेल आदल्या रात्रीच काढून ठेवायला सांगा. बसमध्ये मागच्या बाकावर दुसऱ्या वर्षाच्या मुली बसलेल्या असतात, त्या शिकवतात.